नव्या जोड्याचे नऊ दिवस

'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण आपण येता-जाता वापरतो. नव्या वस्तूचे कौतुक थोडे दिवस टिकते आणि मग ओसरते, असा तिचा आशय. परंतु एक वस्तू अशी आहे की तिला ही म्हण उलट्या बाजूने लागू पडते. ती वस्तू म्हणजे चामड्याचा नवा जोडा. त्याचे पहिले नऊ दिवस कष्टाचे. खरे सुख लाभते ते त्यानंतर. आणि हे नऊ दिवस जाणतेपणाने काढले नाहीत, तर पुढचे सुखही पदरात पडत नाही.

स्नेहसंमेलन, ध्वजवंदन, घरातील लग्नकार्य, नोकरीची मुलाखत हे आपल्याकडे नवे बूट घेण्याचे प्रसंग. बूट आदल्या दिवशी विकत घ्यावयाचे, रात्रभर खोक्यात जपून ठेवावयाचे आणि ऐन प्रसंगी प्रथमच पायात चढवावयाचे, अशी आपली सर्वसाधारण रीत. मग व्हावयाचे तेच होते. वरात अर्ध्यावर येते न येते तोच टाच सोलवटते, करंगळी ठणकू लागते, आणि सकाळी ऐटीत निघालेले गृहस्थ दुपारी मांडवाच्या कोपऱ्यात बूट अर्धवट काढून बसलेले दिसतात. मराठीत डास चावतो, विंचू चावतो आणि बूटही चावतो. परंतु डासाच्या चाव्याबद्दल आपण जेवढा विचार करतो, तेवढा बुटाच्या चाव्याबद्दल करीत नाही.

विषय क्षुल्लक वाटेल. म्हणून एक घडलेली हकिकत प्रथम सांगतो. १९२४ साली कॅल्व्हिन कूलिज हे अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यांचा धाकटा मुलगा, त्याचेही नाव कॅल्व्हिनच, तेव्हा सोळा वर्षांचा होता. जूनच्या अखेरीस तो आपल्या भावाबरोबर अध्यक्षांच्या निवासस्थानाच्या आवारात टेनिस खेळला. पायांत टेनिसचे बूट होते, पण मोजे नव्हते. पायाच्या एका बोटावर फोड आला. त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. फोडातून जंतू रक्तात शिरले, आणि ७ जुलै रोजी तो मुलगा मरण पावला. देशातील उत्तमोत्तम डॉक्टर उशाशी होते. पण पेनिसिलिनचा शोध लागावयाला अजून चार वर्षे अवकाश होता. आज औषधे आहेत, म्हणून अशी वेळ सहसा येत नाही. तथापि पायावरचा फोड ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे, एवढे ह्या हकिकतीवरून ध्यानात यावे.

आता बूट चावतो म्हणजे नेमके काय होते ते पाहू. कातडीवर काहीतरी घासले जाऊन ती झिजते, अशी आपली समजूत असते. ती अर्धवटच खरी आहे. एक छोटासा प्रयोग करून पाहा. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचे बोट दाबून ठेवा आणि ते न घसरू देता मागेपुढे हलवा. कातडी बोटाबरोबर सरकते. आतले हाड मात्र जागच्या जागी राहते. नव्या बुटात हेच घडते, फक्त बाजू उलट असते. ताठ चामडे टाचेची कातडी धरून ठेवते आणि आतले हाड प्रत्येक पावलागणिक वर-खाली होते. कातडीच्या थरांना असा ताण शेकडो वेळा बसला की वरचे थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरते. हाच फोड. पाय घामाने दमट झाला म्हणजे कातडीची पकड वाढते आणि फोड लवकर येतो. म्हणूनच मोज्यांशिवाय बूट घालणे हे संकटाला आमंत्रण होय. मोजा घाम टिपतो आणि कातडीवर होणारी सरकासरकी थोडीफार स्वतःवर घेतो.

ज्या चामड्यावर हा दोष येतो, ते मुळात काय आहे? जनावराच्या कातडीचा मुख्य भाग म्हणजे कोलॅजन नावाच्या द्रव्याच्या बारीक तंतूंचे जाळे. विणकराच्या कापडात उभे आणि आडवे धागे असतात. येथे मात्र तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. कच्चे कातडे तसेच ठेवले तर सडते, वाळवले तर लाकडासारखे कडक होते. ते टिकावे आणि लवचीकही राहावे म्हणून ते कमावतात. आपल्याकडील जुनी पद्धत बाभळीची साल आणि हिरडा ह्यांच्या अर्कात कातडी भिजवून ठेवण्याची. तिला काही आठवडे लागतात; चामडे घट्ट, जाड आणि तांबूस होते. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. १८८४ साली न्यूयॉर्कमधील ऑगस्टस शुल्ट्झ ह्याने तिचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर ती जगभर पसरली. हिच्यात आठवड्यांचे काम दिवसांवर येते आणि चामडे मऊ व पातळ निघते. बुटाचा वरचा भाग आज बहुधा ह्याच चामड्याचा असतो. भारी बुटांचा तळ मात्र अजूनही सालीने कमावलेल्या जाड चामड्याचा करतात. आणि नवा बूट वाकत नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

तंतूंचे हे जाळे कोरडे व थंड असताना ताठ असते. ऊब आणि ओलावा मिळाला की तंतू एकमेकांवरून किंचित सरकू लागतात. पायात घातलेल्या बुटाला ह्या दोन्ही गोष्टी आपोआप मिळतात: पायाची ऊब आणि घामाचा दमटपणा. पाय दाबतो त्या बाजूला तंतू सरकतात. मग बूट काढून ठेवला की ते त्या नव्या जागी सुकतात आणि स्थिरावतात. बूट पायाला 'बसणे' म्हणतात ते हेच. घालणे आणि काढून सुकू देणे ही दोन्ही कामे त्यात आली. जो मनुष्य पहिल्याच दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत बूट घालतो, तो पहिले काम अतोनात करतो आणि दुसरे मुळीच करीत नाही. त्याच्या पायाला फोड येतात आणि बूटही लवकर फाटतो.

परंतु सारेच चामडे सारखे सरकत नाही. बुटाच्या टाचेमागे आणि पुढच्या टोकाशी आकार टिकावा म्हणून आतून कडक अस्तर घातलेले असते. तळ तर शिवून किंवा चिकटवून कायम केलेला असतो. म्हणून बूट रुंदीला थोडा सैल होतो, लांबीला होत नाही. आखूड बूट 'वापरून वापरून होईल मोठा' ह्या आशेने घेणे निरर्थक आहे. बूट तेवढाच राहतो आणि बोटे मात्र कायमची वाकडी होतात.

तेव्हा नव्या जोड्याची निम्मी काळजी दुकानातच घ्यावी लागते. दिवसभराच्या चालण्याने पाय संध्याकाळी थोडे फुगतात. म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. जे मोजे घालावयाचे, तेच पायांत असावेत. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. बूट त्या मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा. दोन्ही बूट घालून उभे राहावे; सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. अंगठ्याच्या मुळाशी पाऊल जेथे वाकते, तेथेच बूट वाकला पाहिजे. इंग्रजी मापाच्या एका क्रमांकाचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे ८.५ मिलिमीटर, तो दिसावयाला थोडा, पण पायाला पुष्कळ असतो. बुटाची घडणही पाहावी. ज्यात नाडीच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्याच्या खालून शिवलेल्या असतात, तो ऑक्सफर्ड. ज्यात त्या वरून शिवलेल्या असतात, तो डर्बी. पाऊल वरून उंच असलेल्यांना डर्बी सोईचा, कारण त्याच्या पट्ट्या अधिक उघडतात.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. शाळेसाठी मिळणारे पुष्कळसे काळे बूट चामड्याचे नसून रेक्झिनसारख्या कृत्रिम पदार्थाचे असतात. कापडावर दिलेल्या त्या मुलाम्यात तंतूंचे जाळे नसते; त्यामुळे ते पायाप्रमाणे आकार घेत नाही आणि घामही शोषत नाही. असा बूट पहिल्या दिवशी जेथे टोचतो, तेथे शेवटच्या दिवशीही टोचतो. तो घेतानाच पायाला पूर्ण सोईचा असला पाहिजे.

आता नऊ दिवसांचा क्रम. तो असा ठेवावा. पहिल्या दिवशी जाड मोजे घालून घरातल्या घरात, स्वच्छ फरशीवर, १५ ते २० मिनिटे वावरावे. तळ मळलेला नसला तर माप चुकल्यास दुकानदाराकडे परत जाता येते. दुसऱ्या दिवशी बूट विसाव्याला ठेवावेत. तिसऱ्या दिवशी अर्धा-पाऊण तास घालावेत. थोडे जिने चढावे-उतरावे, म्हणजे तळ वाकू लागतो. चौथा दिवस विसाव्याचा. पाचव्या दिवशी एक तास, सातव्या दिवशी दोन तास. मधल्या सहाव्या आणि आठव्या दिवशी पुन्हा विसावा. नवव्या दिवशी अर्धा दिवस बाहेर घालून जावे आणि बरोबर जुन्या चपला ठेवाव्यात. ठणका लागला की बूट काढावा. दुखणे सोसण्यात पराक्रम नाही. ज्या क्षणी टाच गरम झाल्यासारखी वाटते, तोच थांबण्याचा क्षण होय, कारण फोड येण्यापूर्वी कातडी ही सूचना देते.

ह्या क्रमाला काही साध्या गोष्टींची जोड द्यावी. घालण्यापूर्वी बूट दोन्ही हातांत धरून, पाऊल वाकते त्या जागी, हळूहळू दहा-वीस वेळा वाकवावा. मधोमध वाकवू नये. तेथे पुष्कळ बुटांत आधाराची पोलादी पट्टी असते आणि ती मोडते. बुटाला आतून-बाहेरून चामड्याचे क्रीम थोडेसे चोळावे. नुसते मेणाचे पॉलिश चकाकी देते, परंतु चामड्याला मऊ करीत नाही. टाचेच्या आतील कडेवर कोरडा साबण किंवा मेणबत्ती घासली म्हणजे घर्षण कमी होते. ज्याला टाच सोलण्याची सवयच आहे, त्याने घालण्यापूर्वीच त्या जागी चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर पट्टी लावणे म्हणजे घोडे पळाल्यावर तबेला बंद करणे होय. नाडी वरपर्यंत आणि नीट आवळून बांधावी. सैल बांधलेल्या बुटात पाय मागेपुढे सरकतो आणि बूट घट्ट असूनही घासतो. नव्या बुटात टाच किंचित उचलली जाते. तळ वाकू लागला की ही खोड बहुधा आपोआप जाते.

एकाच जागी, समजा करंगळीशी, बूट दाबत असेल, तर तो चर्मकाराकडे न्यावा. त्याच्याकडे लाकडी कलबूत असते. ते बुटात घालून, दाबणाऱ्या जागी गुंडी लावून एक-दोन दिवस ठेवले की नेमका तेवढाच भाग सैल होतो. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या ह्या कारागिराच्या हाती पिढ्यानुपिढ्यांचे ज्ञान असते; त्याला चार प्रश्न विचारावेत, पुस्तकात न मिळणारी उत्तरे मिळतात.

आपल्या भागात बसून चामड्याविषयी लिहावयाचे आणि कोल्हापुरी चपलेचा उल्लेख करावयाचा नाही, असे होणे नाही. वहाण हा शब्द संस्कृत 'उपानह्' शब्दापासून आला. आमच्या कोकणीत तिलाच 'व्हाण' म्हणतात. कोल्हापुरी नाव असले तरी ही वहाण आपल्या बेळगाव जिल्ह्यात, अथणी आणि निपाणी येथेही, मोठ्या प्रमाणावर तयार होते. २०१९ साली तिला जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. सरहद्द माणसांनी आखली. वहाणेने ती मानली नाही. ही चप्पल सालीने कमावलेल्या चामड्याची असते आणि परंपरेने खिळे न वापरता चामड्याच्याच वादीने शिवतात. म्हणून ती प्रथम फार ताठ असते आणि अंगठ्यापाशी व पट्ट्याखाली चावते. तिला रात्री पट्ट्यांच्या आतील बाजूने तेलाचा पातळ हात फिरवतात आणि रोज थोडा थोडा वेळ घालतात. तेल थोडेच असावे. तेलात बुडवलेले चामडे काळवंडते, लिबलिबीत होते आणि शिवण सैल पडते. काही दिवसांत तळव्याचा ठसा तिच्यावर उमटतो. मग ती अंधारातही आपली म्हणून ओळखता येते.

काय करू नये, तेही सांगितले पाहिजे. बूट लवकर सैल व्हावा म्हणून तो पाण्यात भिजवू नये, आणि भिजलेला बूट चुलीपाशी, कडक उन्हात किंवा केस वाळवण्याच्या यंत्राखाली तर कधीच धरू नये. ओल्या चामड्याला जास्त उष्णता लागली की त्यातील तंतू आखडतात. असे आखडलेले चामडे पुन्हा पूर्ववत होत नाही, त्याला चिरा पडतात. पावसाळ्यात आपल्याकडे हा अपराध घरोघरी घडतो. भिजलेल्या बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, ते ओले झाले की बदलावेत, आणि बूट सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसावी आणि मग क्रीम लावावे. दुसरी वाईट सवय म्हणजे नाडी न सोडता टाचेने मागचा भाग चेपून बूट सपातेसारखा घालणे. देवळात, घरात, वर्गाच्या दाराशी आपल्याला पादत्राणे वारंवार काढावी लागतात, म्हणून ही सवय लागते; पण मागचे कडक अस्तर एकदा मोडले की त्याचीच कड टाचेला चावू लागते. शूहॉर्न नावाची वाकडी पट्टी थोडक्या पैशांत मिळते. ती नसल्यास चमच्याच्या दांड्याने तेच काम होते.

काटकसरीच्या दोन रीतींविषयीही लिहिणे भाग आहे. वाढत्या अंगाचा म्हणून मुलाला दोन माप मोठा बूट घ्यावयाचा आणि पुढे कापूस कोंबावयाचा, ही पहिली. थोरल्याचा जुना बूट धाकट्याला द्यावयाचा, ही दुसरी. दोन्हींमागे आईबापांची ओढाताण आहे, आणि तिला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण मोठ्या बुटात पाय सरकतो आणि फोड येतो. जुना बूट तर थोरल्याच्या पायाचा ठसा घेऊन बसलेला असतो, तो धाकट्याच्या पायाला मुकाट्याने वळण लावू पाहतो. सदरा थोरल्याचा चालेल, दप्तर थोरल्याचे चालेल. बूट शक्य तोवर ज्याचा त्यालाच असावा. ऐपत नसेल तर मापाची साधी कापडी पादत्राणे न बसणाऱ्या चामडी बुटापेक्षा शतपटीने बरी.

इतके करूनही फोड आलाच तर? लहान फोड फोडू नये. त्याची वरची कातडी हे निसर्गाने घातलेले झाकण आहे. जागा साबण व पाण्याने धुवावी, स्वच्छ पट्टी बांधावी आणि बरे वाटेपर्यंत तो बूट घालू नये. भोवतालची लाली पसरू लागली, पू दिसला, वर लाल रेघ चढली किंवा ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. आतापर्यंत जे जे सांगितले, ते एका गृहीतावर उभे आहे: बूट चावला की आपल्याला कळते. परंतु ज्यांना ते कळत नाही, अशीही माणसे आपल्या घरांत आहेत. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या पायांतील संवेदना हळूहळू कमी होत जातात. कुष्ठरोगातही तसेच होते. १९४६ पासून वेल्लोर येथे काम केलेले डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हे दाखवून दिले की, हातापायांची हानी पुष्कळशी वेदना न जाणवल्यामुळे होते. टोचलेले, भाजलेले, घासलेले कळतच नाही, म्हणून जखम चिघळत जाते. पुढे अशा रुग्णांसाठी मऊ रबराच्या तळाची खास पादत्राणे वापरात आली. ज्या दुखण्याला आपण शिव्या देतो, ते दुखणे म्हणजे पायाचा पहारेकरी आहे. मधुमेह असलेल्या माणसाने नवा बूट 'सवयीने बसेल' म्हणून घालू नये. तो पहिल्या क्षणापासून मऊ आणि सैलसरच असला पाहिजे, आणि काढल्यावर पाय दर वेळी डोळ्यांनी तपासला पाहिजे.

वृद्धांना वाकून आपले तळवे पाहता येत नाहीत, आणि चष्म्याशिवाय दिसतही नाहीत. म्हणून विद्यार्थी मित्रहो, तुमच्या आजोबा-आजींना मधुमेह असेल, तर रोज रात्री दिव्याच्या उजेडात त्यांच्या पायांकडे दोन मिनिटे पाहण्याचे काम तुम्ही स्वतःकडे घ्या. टाच, बोटांच्या फटी, करंगळीची बाहेरची बाजू, तळवा. कोठे लाली, फोड, चीर दिसते का, ते पाहा आणि दिसल्यास त्याच वेळी घरात सांगा. थोरांच्या पायांशी वाकण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. वाकल्यावर डोळे मिटण्याऐवजी ते उघडे ठेवावेत, इतकेच सांगणे.